जनुक आहे, पण बोंडात किती?



हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्यासारख्या गावात डोमकळी म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पाकळ्या मुरगळून मिटलेलं फूल दिसलं की गुलाबी बोंडअळी आत शिरली, हे तिथल्या पोरासोरांनाही कळतं. 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी शेतांत बोंडातून कापसाऐवजी कवडी निघाली. बियाणं बीटीचंच, म्हणजे अळीला मारणारं जनुक घातलेलं होतं. "जनुक आहे, मग अळी कशी?" हा बांधावरचा प्रश्न अस्सल शास्त्राचा आहे.

मार्च 2002 मध्ये महिकोच्या संकरित बीटी कपाशीला देशात पहिली परवानगी मिळाली. तिच्यातल्या क्राय1एसी जनुकापुढे '35एस' हा प्रमोटर जोडलेला होता. प्रमोटर म्हणजे जनुकानं कुठे, कधी आणि किती काम करायचं हे ठरवणारा डीएनएचा तुकडा. 35एस मुळात फुलकोबीला जडणाऱ्या एका विषाणूचा. तो झाडात सगळीकडे चालतो, असं आपण शिकतो. पण सगळीकडे सारखा चालत नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत के. आर. क्रांती आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हे मोजून दाखवलं. त्या जनुकातून तयार होणारं, अळीला मारणारं प्रथिन पानांत सर्वाधिक भरलं, पात्यांत आणि बोंडांत त्याहून कमी, तर फुलातल्या बीजांडकोशात आणि हिरव्या बोंडाच्या सालीत सर्वांत कमी. झाड जसं जून होत गेलं तसं तेही उतरत गेलं. बोंडअळीला हवं असतं ते नेमकं बोंडच.

संकरित बियाण्यानं त्यात भर घातली. जनुक एकाच पालकाकडून आलं, तर झाडावरच्या बोंडातल्या साधारण चौथाई सरक्यांत ते नसतंच. गुलाबी अळी तर एका सरकीतून दुसरीत शिरत खाते. फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभं राखलं, की तिला आणखी काही महिने अन्न मिळतं. 2006 मध्ये दोन जनुकांचं बीटी आलं, तरीही 2017 चं संकट टळलं नाही.

याच सरकीची दुसरी कहाणी मात्र उमेद देणारी आहे. सरकी फोडली की गरावर बारीक काळे ठिपके दिसतात. त्या ग्रंथींत गॉसिपॉल हे कीड रोखणारं विषारी द्रव्य असतं. गाई-म्हशी पेंड पचवतात, कोंबडीला आणि माणसाला ते बाधतं. झाडातून ते पुरतं काढून टाकलं तर कीड पानंही सोडत नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या कीर्ती राठोर यांनी 2006 मध्ये फक्त बियांत चालणारा, कपाशीचाच प्रमोटर वापरून गॉसिपॉलची निर्मिती सरकीपुरती दाबली. पानाफुलांतलं संरक्षण शाबूत राहिलं. 2018 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं त्या कपाशीची लागवड मोकळी केली, 2019 मध्ये अन्न म्हणून वापराचा मार्गही खुला झाला. जनुकाला जागा नेमून देण्याची ताकद ती हीच, आणि मराठवाड्याच्या प्रयोगशाळांनी आता याच वाटेनं कामाला लागावं.

पदवीधर मित्रहो, तुमच्यातले काही संशोधनाकडे वळतील, काही गावी परततील. गावी जाणाऱ्यांना एकच विनंती. फवारणीची चिठ्ठी लिहिण्याआधी शेतात उतरा, एकरी वीस हिरवी बोंडं तोडा आणि शेतकऱ्यासमोर फोडून पाहा. दोन बोंडांत जिवंत अळी निघाली, तरच औषधाचं नाव सांगा.