घर, प्रेम आणि वेड



नवराबायकोतला बेबनाव हा नाटक-सिनेमांचा जुना विषय. मात्र त्यात बहुधा एक अपराधी हाताशी असतो: दारू, परस्त्री किंवा सासू. तो दूर झाला की संसार सुखाचा होतो आणि आपणही निर्धास्तपणे घरी जातो. आज मी ज्या चित्रपटाविषयी बोलणार आहे, त्यात ही सोय नाही. तो म्हणजे अमेरिकन दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेटीस यांचा १९७४ सालचा ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’.

निक हा लॉस एंजेलिसमधला, मजुरांच्या टोळीचा मुकादम. मेबल त्याची बायको, मुले तीन. रात्रभर फुटलेल्या नळाचे काम करून तो सकाळी सारी टोळी घरी घेऊन येतो. मेबल आनंदाने सर्वांना जेवू घालते, एकाला नाचायचा आग्रह करते. तिच्या मायेला मर्यादा ठाऊक नाही. मंडळी अवघडतात, आणि निक एकदम तिच्यावर ओरडतो. जेवण तिथेच संपते.

पुढे डॉक्टर येतो आणि मेबलला सहा महिने मनोरुग्णालयात ठेवतात. ती परतते ती जपून, तोलून बोलणारी. आता गंमत पाहा. ज्या निकला तिचा विक्षिप्तपणा सोसवत नव्हता, तोच तिला बजावतो की, पूर्वीसारखी वाग! ‘स्वतःसारखी हो’ हाही त्याचा हुकूमच. मेबल वडिलांना विनवते, “माझ्या बाजूने उभे राहा.” ते भले गृहस्थ खुर्चीतून नुसते उठून उभे राहतात! शब्द कळला, मुलगी कळली नाही.

श्रोतेहो, निक दुष्ट नाही. तो तिच्यावर हात उगारतो, आणि थोड्या वेळाने तिच्या जखमेला पट्टीही बांधतो. त्याचे प्रेम खरे आहे, म्हणून त्याची मारहाण क्षम्य ठरत नाही. पण प्रेम असूनही माणूस दुसऱ्याला आपल्या सोयीच्या साच्यात किती निर्दयपणे कोंबतो, हे इथे दिसते. मग वेड कोणाचे, एकटीचे की घराचे?

असा प्रश्न मोकळा सोडणाऱ्या चित्रपटाला धनिक कोठून मिळणार? कॅसाव्हेटीस यांनी स्वतःचे घर गहाण टाकले. निकचे काम करणाऱ्या पीटर फॉक यांनी पाच लाख डॉलर घातले. मेबल झाल्या दिग्दर्शकाच्या पत्नी जीना रोलंड्स. दोघांच्या आयांनीही त्यात भूमिका केल्या. वितरक मिळेना, तेव्हा कॅसाव्हेटीस यांनी स्वतःच चित्रपटगृहांच्या मालकांना गाठले. पुढे पतिपत्नी दोघांनाही ऑस्करची नामांकने मिळाली, आणि १९९० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटनोंदीत या कृतीचा समावेश झाला. परक्याचा पैसा नव्हता, म्हणून परक्याच्या आवडीचा शेवटही जोडावा लागला नाही.

शेवटी मुले झोपतात. नवराबायको टेबल आवरतात, अंथरूण घालतात, दिवा मालवतात. कोणी सुधारले नाही, कोणी जिंकले नाही. उद्याची सकाळ तीच असेल. आपल्या माणसावर आपले प्रेम आहे, एवढ्यावर आपण समाधान मानतो. पण ते माणूस आहे तसे आपल्याला चालते का? हे उत्तर ज्याचे त्याने आपल्या घरात शोधायचे आहे.