जमिनीच्या पोटाचे चित्र आणि खड्ड्यातला माणूस



आम्ही इंजिनिअर नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कामगारांच्या सभांत आणि फुकट वाचनालयांत झाले. तरीही जमिनीच्या पोटाविषयी बोलण्याचा हक्क आम्ही मागतो, कारण त्या पोटात पहिल्याने उतरतो तो मजूर.

जमिनीखाली काय आहे हे इंजिनिअराला कळते कसे? तो ठिकठिकाणी बोअर घेतो, वीतभरही रुंद नसलेल्या त्या भोकांतून निघालेले नमुने तपासतो आणि थरांची नोंद करतो. दोन बोअरांमधली जमीन कोणी पाहिलेली नसते. तेथे अनुमानच चालते. हे अनुमान पूर्वी कागदावर उभ्या छेदाच्या रूपाने काढीत. आता संगणकावरचे खेळ ज्यांच्या जोरावर चालतात, त्या युनिटी किंवा अनरिअल यांसारख्या गेम इंजिनांत तेच थर लांबी, रुंदी, खोली यांसह उभे करता येतात. पाहणारा जणू मातीतून चालत जातो. चिकणमाती कोठे, खडक कोठे, पाणी कोणत्या पातळीला, हे ज्याला नकाशा वाचता येत नाही त्यालाही दिसते.

साधन मोठे आहे, यात शंका नाही. परंतु चित्र जितके देखणे, तितका त्यावरचा विश्वास आंधळा होण्याचा संभव अधिक. सिंगापुरात 20 एप्रिल 2004 रोजी निकोल हायवेजवळ सर्कल लाइन या रेल्वेमार्गासाठी खणलेला सुमारे 30 मीटर खोल खड्डा कोसळला आणि चार माणसे दगावली. तेथे गेम इंजिन नव्हते, पण संगणकाचे गणित होते. चौकशी समितीला असे आढळले, की त्या गणितात मऊ समुद्री चिकणमातीची ताकद वाजवीपेक्षा जास्त धरली गेली होती, आणि भिंती तोलून धरणाऱ्या पोलादी टेकूंचे सांधे दुबळे होते. भिंत वाकते आहे, हे मापनयंत्रे सांगत होती. त्या दिवशी सकाळीच कामगारांनी पोलादाचे ठणठण आवाज ऐकले. खड्डा कोसळला तो दुपारी.

तेच गणित रंगीत चित्रात दाखवले असते, तर माती घट्ट झाली असती काय? म्हणून आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. चित्रात बोअरची जागा ठळक असावी आणि मधले अनुमान फिकट असावे, म्हणजे पाहिलेले कोणते व कल्पिलेले कोणते हे लपणार नाही. रोजची मोजमापे त्याच चित्रावर चढावीत, म्हणजे हिशेब आणि वस्तुस्थिती यांची फारकत तत्काळ दिसेल. आणि पाळी सुरू होण्यापूर्वी ते चित्र मजुरांना त्यांच्या भाषेत दाखवावे. आवाज ऐकणाऱ्याला काम थांबवण्याचा अधिकार असावा.

मातीची पहिली बातमी फावडे धरणाऱ्या हाताला लागते. ती बातमी जेथे टिपली जाणार नाही, ते चित्र कितीही जिवंत दिसो, आम्ही त्याला अपुरेच म्हणू.