इतिहासाचा तास : शाळेतला आणि कॉलेजातला
(डोंगरकडा येथील विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही पेशाने शिक्षक नाही. कला शाखेचे पदवीधर आहोत, बँकेत कारकुनी करतो आणि दर रविवारी संस्थेच्या अभ्यासवर्गात इतिहास शिकवतो. त्या अनुभवाच्या जोरावर चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहोत.

आमच्या वर्गात आठवीची आणि बी. ए.ची मुले एकाच सतरंजीवर बसतात. सुरुवातीला फार गोंधळ उडाला. सोपे करून सांगावे तर कॉलेजची मुले जांभया देत; नोट्स सांगाव्यात तर लहान मुले एकमेकांना चिमटे काढीत. आवाज चढवून पाहिला. वर्ग गप्प झाला, पण शिकला नाही. तेव्हा उमगले की, मुलांच्या डोक्याला काम असेल तर शिस्त आपोआप येते.

मग आम्ही महाडचा धडा घेतला. शाळेच्या मुलांना विचारले : काय घडले, कोठे, केव्हा? त्यांनी फळ्यावर सनावळी मांडली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली मंजूर झाला. 1924 साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व हजारो सत्याग्रहींनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. 1937 साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

कॉलेजच्या मुलांना वेगळा प्रश्न दिला : कागदावर ठराव असताना सत्याग्रह का करावा लागला? उत्तर शोधताना त्यांना लहानांच्या सनावळीकडेच वळावे लागले. त्या दिवशी वर्ग एक झाला.

एका आठवीतल्या मुलीने विचारले, "सर, तो ठराव आपल्या गावाला लागू होता का?" नव्हता. आपला भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सप्टेंबर 1948 मध्ये ते संस्थान भारतात आले आणि 26 जानेवारी 1950 पासून संविधानाच्या कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. पण गावात काय होते? आम्ही मुलांना घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून यायला सांगितले.

पुढच्या रविवारी एका मुलाने आजीची आठवण वाचली. 1972 च्या दुष्काळातसुद्धा विहिरीवर वरून कोणी पाणी ओतेपर्यंत ती घागर घेऊन उन्हात उभी राही. मागे दोघे हसले. आम्ही घाईने पुढचा विषय काढला. ही आमची चूक. त्यानंतरच्या रविवारी तो मुलगा आलाच नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो, त्याची आणि आजीची माफी मागितली.

हसणारी मुलेही आपलीच होती. लाज वाटली की माणूस हसतो. त्यांना रागे न भरता त्यांच्याही आजीकडे पाठवले. दोघे परत आले ते मान खाली घालून. तेव्हापासून नियम केला : आठवण नाव न घालता लिहायची आणि ती दुसऱ्याने वाचायची. प्रश्न रूढीला विचारायचा, माणसाला नाही.

बँकेत व्हाउचरशिवाय खात्यात नोंद होत नाही. इतिहासाचेही तसेच आहे. आजीची आठवण हेही व्हाउचरच. मात्र ते दुसऱ्या आठवणीशी, कागदाशी ताडून पाहावे लागते. लहानांनी आठवणी गोळा कराव्यात, मोठ्यांनी त्या ताडून पाहाव्यात.

दहावीला इतिहास व राज्यशास्त्राची लेखी परीक्षा 40 गुणांची. पुढे विज्ञान, वाणिज्य शाखेला गेलेल्या मुलांचा इतिहास बहुधा तेथेच संपतो. म्हणून शिक्षकांनी शाळेतच प्रश्न विचारण्याची सवय लावावी आणि कॉलेजात नोट्स सांगण्यावर थांबू नये.

पालकांना एकच विनंती. मुलाला गुण किती पडले हे जरूर विचारा; त्याबरोबर, "आज तू वर्गात काय विचारलेस?" हेही विचारा. आणि घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ वही-पेन घेऊन बसा.