अंधेरी ते घाटकोपर : एका वाटेचे दोन सरकारी दर

एखाद्या वस्तूची किंवा सेवेची किंमत ग्राहक आणि विक्रेता यांच्या घासाघिशीवर न सोडता शासनाने, अथवा शासनाने नेमलेल्या प्राधिकरणाने, ठरवून देणे याला दरनियमन म्हणतात. शिधावाटप दुकानातील धान्य, २०१७ मध्ये कमाल किंमत बांधून दिलेला हृदयरोग्याचा स्टेंट, भाडेनियंत्रण कायद्याखालील चाळीतली खोली ही त्याची रूपे मुंबईकरांच्या परिचयाची आहेत. तथापि उपनगरवासीयाची या नियमनाशी सर्वाधिक गाठ पडते ती रस्त्यावर. वांद्रे आणि शीव यांच्या अलीकडे शहरात रिक्षाला प्रवेश नाही आणि पलीकडे रिक्षावाचून गत्यंतर नाही, आणि त्या रिक्षाचा दर सरकारी आहे. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या बऱ्याच भागावरून ८ जून २०१४ पासून जी मेट्रो धावते, तिचे तिकीटही कायद्याने घालून दिलेल्या रीतीनेच ठरावे लागते. खाली रिक्षा आणि वर मेट्रो, असे दोन नियंत्रित दर एकाच वाटेवर असल्यामुळे दरनियमनाची शक्ती आणि त्याचे दुखणे, दोन्ही या पट्ट्यात जवळून पाहता येतात.

दोन्हींच्या नियमनाची कारणे मात्र वेगळी आहेत. रात्री अंधेरी स्थानकाबाहेर सामान घेऊन उभ्या असलेल्या प्रवाशाला दहा रिक्षांकडे भाव विचारून त्यांतली स्वस्त निवडणे शक्य नसते, म्हणून तेथे सौदा टाळण्यासाठी मीटर आले. मेट्रोच्या बाबतीत प्रश्न नैसर्गिक मक्तेदारीचा आहे; म्हणजे ज्या व्यवसायात पहिली गुंतवणूकच इतकी प्रचंड असते, की त्याच मार्गावर दुसऱ्याने समांतर रूळ टाकणे कोणालाच परवडत नाही, असा व्यवसाय. अशा एकट्या विक्रेत्याला दर ठरवण्याची मोकळीक दिली, तर त्याला अडवणारे बाजारात कोणी उरत नाही.

रिक्षाचे भाडे ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६७ मधून येतो आणि मुंबईपुरता तो मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणामार्फत वापरला जातो. दरवाढीचा प्रश्न दीर्घकाळ संघटनांचा संप आणि मंत्र्यांचे आश्वासन यांच्यामध्ये हेलकावत राहिला होता. त्याला गणिताचा आधार मिळावा म्हणून नेमलेल्या पी. एम. ए. हकीम यांच्या एकसदस्य समितीने २०१२ मध्ये एक सूत्र दिले. वाहनाची किंमत, तिच्यावरील घसारा आणि व्याज, विमा, कर, दुरुस्ती, इंधन आणि चालकाच्या निर्वाहाचा महागाई निर्देशांकानुसार बदलणारा खर्च यांची बेरीज करायची आणि तिला रिक्षा जितके किलोमीटर धावते त्यांनी भागायचे, असा त्याचा गाभा होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये किमान भाडे १२ वरून १५ रुपयांवर गेले. मुंबई ग्राहक पंचायतीने या सूत्राला न्यायालयात आव्हान दिले, आणि ते स्वाभाविकही होते. कारण सूत्रात घातलेला प्रत्येक आकडा हा कोणाचा तरी दावा असतो. पुढे बी. सी. खटुआ यांच्या समितीने २०१७ मध्ये नवा अहवाल दिला.

सूत्र आले, पण त्याचे वेळापत्रक पाळले गेले नाही, आणि खरे दुखणे येथेच आहे. जून २०१५ मध्ये १८ रुपये झालेले किमान भाडे मार्च २०२१ मध्ये २१ झाले. मधला साडेपाच वर्षांहून अधिक काळ मीटर जागचे हलले नाही. त्यानंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये २३ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये २६ रुपये असा क्रम लागतो. किलोमीटरचा आजचा दर १७ रुपये १४ पैसे आहे; त्याची दीडपट म्हणजे २५ रुपये ७१ पैसे, आणि त्याचे पूर्णांकात केलेले रूप म्हणजे पहिल्या दीड किलोमीटरचे २६ रुपये. इतका हा सरळ हिशेब आहे, तरी तो भाडेपत्रकावर कोठेही मांडलेला नसतो. दुसरीकडे रिक्षाच्या टाकीत जाणाऱ्या सीएनजीचा दर हे प्राधिकरण ठरवत नाही. १ एप्रिल २०२२ रोजी राज्याने त्यावरील मूल्यवर्धित कर साडेतेरा टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला तेव्हा तो किलोला ६० रुपयांवर उतरला होता, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो ८० च्या पुढे गेला. खर्चाची बाजू मोकळी आणि उत्पन्नाची बाजू बांधलेली, अशा स्थितीत दर गोठवून महागाई थांबत नाही. ती मीटरवर दिसेनाशी होते आणि भाडे नाकारण्यात, मीटरमधील फेरफारात आणि कोंबून भरलेल्या शेअर रिक्षात प्रकट होते.

भाडे नाकारण्याचा दोष सर्वस्वी चालकाच्या मुजोरीवर टाकण्याची पद्धत उपनगरांत रूढ आहे, पण ती अर्धीच बरोबर आहे. मीटर मुख्यतः अंतर मोजते आणि चालकाची कमाई मात्र वेळेवर अवलंबून असते. संध्याकाळी सात वाजता साकीनाक्याच्या कोंडीत शिरलेली रिक्षा सूत्रात गृहीत धरलेले किलोमीटर धावूच शकत नाही. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत २५ टक्के जादा आकारणी मान्य करणाऱ्या नियमाला वेळेचे मोल कळत नाही असे नव्हे. संध्याकाळच्या कोंडीचे मोल मात्र त्याने पुरेसे मोजलेले नाही, आणि ती उणीव मोबाइल ॲपवरील कंपन्यांनी गर्दीच्या वेळचे वाढीव दर लावून आपल्या परीने भरून काढली. उलट बाजूने, दर बांधून देणाऱ्या शासनाने सेवा देण्याची सक्तीही तितक्याच गांभीर्याने करायला हवी होती. मोटार वाहन कायद्याने मात्र तीनचाकीच्या चालकाने भाडे नाकारल्यास दंडाची कमाल मर्यादा ५० रुपये ठेवली, म्हणजे आजच्या किमान भाड्याच्या दुपटीहूनही कमी.

याहून खोल अडचण परवान्यांची आहे. १९९७ पासून सुमारे दोन दशके मुंबईत नव्या रिक्षा परवान्यांवर बंदी होती. ती २०१७ मध्ये उठली. दर आणि संख्या दोन्ही एकाच वेळी बांधल्या, की परवाना हीच किमती वस्तू बनते आणि तो ज्याच्या हाती असतो त्याला केवळ टंचाईमुळे एक उत्पन्न मिळते; अर्थशास्त्रात अशा श्रमावाचून मिळणाऱ्या उत्पन्नाला खंड म्हणतात. परवान्याचा मालक एक आणि दिवसाच्या शिफ्टचे ठरलेले पैसे मोजून रिक्षा चालवणारा दुसरा, ही व्यवस्था त्यातून फोफावली. प्रवासी जे देतो ते सरकार ठरवते. चालक मालकाला जे देतो ते मात्र कोणीही ठरवत नाही, आणि म्हणून भाडेवाढीतला किती रुपया स्टिअरिंग धरणाऱ्याच्या खिशात राहतो हे मीटरवरून कळत नाही. शरद राव यांच्यासारख्या नेत्यांच्या संघटनांनी भाडेवाढीसाठी रस्ते बंद पाडले. शिफ्टच्या पैशांवर मर्यादा घालण्याचा प्रश्न मात्र सार्वजनिक चर्चेत क्वचितच आला.

मेट्रोची कथा याच्या नेमकी उलट आहे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर या ११.४ किलोमीटरच्या मार्गाचा २००७ चा करार झाला, तेव्हा तिकीट ९ ते १३ रुपयांच्या घरात राहील असे अपेक्षित होते आणि प्रकल्प १८८६ च्या ट्राम कायद्याखाली होता. पुढे तो केंद्राच्या मेट्रो कायद्याखाली आला. या कायद्यानुसार पहिला दर मेट्रो प्रशासन स्वतःच ठरवते, आणि त्यानंतरचे दर उच्च न्यायालयाच्या आजी किंवा माजी न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती सुचवते. ही शिफारस बंधनकारक असते. मेट्रो चालवणाऱ्या कंपनीने खर्च वाढल्याचे सांगून ४० रुपयांपर्यंतचे दर पुढे केले, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) त्याविरुद्ध न्यायालयात गेली आणि जानेवारी २०१५ मध्ये हरली. त्याच वर्षी दरनिश्चिती समितीने कमाल ११० रुपयांपर्यंतची शिफारस केली. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली.

म्हणजे खालच्या रस्त्यावर शासनाने खर्च मान्य करूनही दर वेळेवर वाढवला नाही, तर वरच्या पुलावर बंधनकारक शिफारस न्यायालयाने रद्द करेपर्यंत ११० चा आकडा डोक्यावर टांगता राहिला. दोन्ही ठिकाणी प्रवासी फक्त निकालाचा धनी होता. हिशेब तपासण्याच्या टेबलाशी त्याला अपवादानेच जागा मिळाली. दर चढा की उतरता, या वादापेक्षा तो कोणत्या तारखेला आणि कोणते आकडे उघड करून ठरतो, हा प्रश्न म्हणूनच अधिक महत्त्वाचा आहे. परिवहन प्राधिकरणाने रिक्षाच्या पुढच्या भाडेवाढीच्या वेळी इंधन, दुरुस्ती, निर्वाह आणि दैनिक किलोमीटर या गृहीतकांचा मराठीतला पूर्ण हिशेब निर्णयाआधी प्रसिद्ध करावा, हरकतींसाठी मुदत द्यावी आणि शिफ्टच्या रकमेची पाहणीही त्यात जोडावी. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंडच्या प्रवासी संघटनांनी एवढी मागणी आतापासून लावून धरायला हवी.