बाटलीच्या तळाशी बसलेला गर



मागच्या हिवाळ्यात आमच्या गटानं संत्र्याचं स्क्वॅश केलं. दीडशे बाटल्या भरल्या. पंधरा दिवसांत दुकानदारानं त्यातल्या चाळीस परत पाठवल्या. निरोप एवढाच, "माल नासला." आम्ही बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. खाली पिवळा गर बसलेला, वर नितळ पाक. झाकण उघडलं तर फस्स आवाज नाही, फेस नाही, आंबूस वास नाही. चवही जशीच्या तशी. माल नासला नव्हता, फक्त खाली बसला होता. पण गिऱ्हाईक दुकानात बाटलीचा वास घेत नाही, नुसतं बघतं. इकडे गटाच्या कर्जाचा हप्ता तोंडावर आलेला. त्या रात्री आमच्यापैकी कुणालाच धड झोप लागली नाही.

खरं तर, खाली बसणं ही गोष्ट आपल्याला काही नवी नाही. कुरडईसाठी गव्हाचा चीक आपण रात्रभर ठेवतो, सकाळी वरचं पाणी अलगद ओततो. पावसाळ्यात नदीचं पाणी घागरीत भरलं की रेती लगेच तळाला जाते आणि बारीक माती मात्र दुसऱ्या दिवशीही पाण्यात फिरत असते. स्टोक्स नावाच्या गणितज्ञानं १८५१ मध्ये याचा हिशेब मांडून ठेवला आहे. कण निम्म्या आकाराचा झाला तर तो चौपट हळू बसतो. दहापट बारीक झाला तर शंभरपट हळू. पातळ द्रवात कण भरभर खाली जातो, दाट द्रवात रेंगाळतो. आणि कण व द्रव यांच्या जडपणात फरक जितका कमी, तितकी त्याला खाली जायची घाई कमी.

हे कळल्यावर आमची पहिली चूक सापडली. आम्ही रस मोठ्या भोकांच्या गाळणीतून काढला होता. रेषे, गराचे तुकडे, सगळंच आत गेलं होतं. आता आम्ही आधी गाळणीतून आणि मग मलमलच्या कपड्यातून गाळतो. गर थोडा वाया जातो, याचं आमच्यातल्या काही जणींना अजून वाईट वाटतं.

दुसरी चूक आम्हाला कधीच कळली नसती. ती फळप्रक्रियेच्या प्रशिक्षणात कळली. संत्र्याच्या रसात पेक्टिन असतं, आणि त्या पेक्टिनला बिघडवणारं एक विकरही असतं. रस काढून तसाच ठेवला की हे विकर कामाला लागतं. पेक्टिन बिघडलं की रसातल्या चुन्याशी, म्हणजे कॅल्शियमशी, त्याची गाठ बसते आणि बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. मोठे झाले की बसलेच खाली! आम्ही तर सकाळी रस काढून दुपारपर्यंत पातेल्यात झाकून ठेवला होता, कारण साखर यायची होती. आता रस काढल्याबरोबर ९० अंशांपर्यंत तापवतो, मिनिटभर ठेवतो आणि पातेलं लगेच थंड पाण्यात उतरवतो. त्यानं विकर निकामी होतं. अंदाजानं करू नका, थर्मामीटर घ्या. नागपुरी संत्र्याचा रस जास्त वेळ तापला की कडवट होतो. बिया चिरडल्या तरी तेच.

पाकाचं माप आमचं असं: एक लिटर रस, पावणेदोन किलो साखर, एक लिटर पाणी, वीस ग्रॅम सायट्रिक आम्ल. पाक पूर्ण थंड झाल्यावर रस मिसळायचा. साखर वाचवायला पाक पातळ केला तर दोन्हीकडून नुकसान: टिकाऊपणा जातो आणि गर भरभर बसतो. एवढं करूनही थर दिसलाच, तर लिटरमागे एक-दोन ग्रॅम पेक्टिन पावडर घालता येते. ती कोरड्या साखरेत कालवूनच पाण्यात टाका, नाहीतर गुठळ्या होतात. आणि लेबलवर तसं लिहावं लागतं. मिक्सरमध्ये फार घुसळू नका. गरात हवा अडकते आणि मग तो वर येऊन गळ्याशी जमतो. आमच्या दहा-बारा बाटल्यांत तसंही झालं होतं.

कधी कधी आपल्याला नेमकं उलटं हवं असतं. गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो. मातीचे बारीक कण एकमेकांना दूर लोटत असतात, म्हणून ते एकटे एकटे तरंगत राहतात. तुरटीनं ते जुळतात, जड होतात आणि खाली बसतात. पण पाणी नितळ झालं म्हणजे निर्जंतुक झालं असं नव्हे. वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात काढा आणि मगच क्लोरीनचं औषध टाका. गढूळ पाण्यात ते वाया जातं.

आणखी एक गोष्ट, ही स्क्वॅशपेक्षा मोठी. लेकरांच्या अँटिबायोटिकची जी पावडरची बाटली येते, तिच्यात उकळून गार केलेलं पाणी आपण खुणेपर्यंत भरतो. त्यात औषध विरघळलेलं नसतं, तरंगत असतं. बाटली न हलवता चमचा भरला तर पहिले डोस पातळ जातात, आणि शेवटी तळातलं दाट औषध एकदम पोटात जातं. आमच्याच गटातल्या एका ताईनं तीन दिवस असंच दिलं होतं, आणि ताप उतरत नाही म्हणून ती घाबरली होती. दर वेळी बाटली तळापासून नीट हलवायची, आणि सासूबाई औषध देणार असतील तर त्यांनाही सांगून ठेवायचं.

त्या चाळीस बाटल्या आम्ही फेकल्या नाहीत. "हलवून घ्या" अशी चिठ्ठी चिकटवून आठवडी बाजारात ग्लासावर सरबत विकलं. हप्ता भरला, नफा काही राहिला नाही. यंदा प्रत्येक घाणीतला एक काचेचा ग्लास भरून, झाकून खिडकीत ठेवतो आणि नितळ थर कुठवर आला ते रोज पेनानं खूण करून बघतो. सध्या चार ग्लास आहेत. तिसऱ्यात बोटभर थर दिसतोय, म्हणून तो माल अजून दुकानात पाठवलेला नाही.