उसाच्या पाण्याचे माहेर

शाळेची सहल ठरवायची वेळ आली, की कुणी उटीचे नाव काढतो, कुणी महाबळेश्वरचे. जरूर जावे. पण जो सह्याद्री दक्षिणेत निलगिरीला जाऊन भिडतो, तोच आपल्या वालचंदनगरच्या उसाला पाणी पाजतो, हे मुलांना आधी दाखवा.

इंदापूर तालुक्यात पाऊस पडतो जेमतेम २० इंच. मग कालव्याला पाणी येते कोठून? दिवाळीनंतर भोरकडे चला. वेळवंडी नदीवरचे, १९२८ साली पुरे झालेले भाटघर धरण पाहा. हे पाणी नीरेत उतरते नि वीरजवळून डाव्या कालव्याने आपल्याकडे येते. पुढे वरंध घाटाच्या वाटेवर शिरगाव लागते. नीरेचा उगम तिथलाच.

तिथे उभे राहून मुलांना विचारा, हे रान तुटले तर काय होईल? माती वाहील, धरणात गाळ बसेल, नि तेवढे पाणी आपल्या शेताला कमी पडेल. म्हणून फांदी मोडू नका, पिशव्या टाकू नका. माहेरी गेलेली लेक अंगण झाडूनच निघते. आपणही तसेच निघावे, बरं का!