खोकल्यावरची घरातील सुवासिक औषधे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शास्त्र सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण पावसाळा आला की वांद्र्याच्या दमट हवेत घरोघर खोकला सुरू होतो, आणि त्याच्याशी पहिली गाठ आपलीच पडते. म्हणून चार शब्द बोलते.

ओव्याची पुरचुंडी, निलगिरी, कापूर, पुदिना यांचा गुण त्यांच्या वासात आहे. वास म्हणजे वनस्पतीतले उडून जाणारे तेल. आपण ज्याला ओव्याचे फूल म्हणतो ते थायमॉल. पुदिन्याचे फूल ते मेन्थॉल. ही दोन फुले आणि कापूर समभाग बाटलीत घातली की पाण्याचा थेंबही न घालता आपोआप पातळ होतात. हीच अमृतधारा. अमृतांजनही अशाच वासाच्या तेलांचे. ते 1893 साली आपल्या मुंबईतच निघाले.

मेन्थॉल हुंगले की नाक सुटल्यासारखे वाटते. खरे पाहता आतली सूज उतरत नाही. गारवा ओळखणाऱ्या नसा जाग्या होतात, एवढेच. त्याने रात्री झोप लागते, हेही थोडे नव्हे. पण आराम पडणे निराळे आणि रोग जाणे निराळे.

2025 साली छिंदवाड्याकडे खोकल्याच्या दूषित औषधाने लहान मुले दगावली. तेव्हापासून आमच्या शेजारणी म्हणतात, "बाटली नकोच, आपले घरचे बरे." त्यांची भीती खोटी नाही. परंतु घरचे म्हणून निरुपद्रवी, असे समजू नये. चिमूटभर ओव्यात तेल अगदी थोडे. बाटलीत ते एकवटलेले असते. कापूर किंवा निलगिरीचे तेल पोटात गेले तर लहान मुलाला झटके येतात. दोन वर्षांखालील बाळाच्या नाकाला किंवा छातीला ही तेले लावू नयेत. वर्षाच्या आतील बाळाला मधही चाटवू नये. उकळत्या पाण्याचे पातेले मुलापुढे ठेवू नये, आणि या बाटल्या वरच्या फळीवर ठेवाव्यात.

बाळ धापा टाकत असेल, दूध पीत नसेल, तर पुरचुंडी शेकत बसू नये. तडक भाभा रुग्णालय गाठावे. मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवडे हटला नाही, तर थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.

आजीचा बटवा जरूर जपू या; त्यातले काय कोणाला द्यायचे, तेही शिकून घेऊ या.